बाबा भांडी घासतात, तरी मुलगी असे का म्हणते?

प्रश्न : आमच्या घरी स्वयंपाक मी करते आणि भांडी माझे पती घासतात. तरीही पहिलीत शिकणारी आमची मुलगी परवा म्हणाली, "बाबांनी भांडी नसतात घासायची, ते बायकांचं काम आहे." हे टीव्हीवरून येते का? तो बंद करणे हाच उपाय आहे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुमच्या मुलीला घरात एक उदाहरण दिसते, पण पडद्यावर असंख्य घरे दिसतात आणि त्यांतील बहुतेक घरांत ओट्यापाशी बाईच उभी असते. जे वारंवार दिसते तेच मुले रीत म्हणून स्वीकारतात, त्यामुळे तिच्या लेखी तुमचेच घर अपवाद ठरते. अर्थात पडद्याला एकट्याला दोष देता येणार नाही. २०२४च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात आणि पुरुष ८८. शेजारीपाजारीही तिला हेच दिसत असणार. पडदा त्यावर शिक्कामोर्तब करतो, तेही हसऱ्या चेहऱ्याने आणि गोड संगीतासह, आणि मला ते अधिक चिंताजनक वाटते.

स्त्रिया पडद्यावर दिसत नाहीत, अशी तक्रार पूर्वी होत असे. युनिसेफ आणि माध्यमांतील लिंगभावाचा अभ्यास करणारी जीना डेव्हिस इन्स्टिट्यूट यांनी भारतात २०१९मध्ये दाखवल्या गेलेल्या हजाराहून अधिक जाहिराती तपासल्या, तेव्हा पडद्यावरील जवळजवळ ६० टक्के वेळ स्त्रियांच्या वाट्याला आलेला आढळला. मात्र त्या प्रामुख्याने स्वच्छतेची, खाण्याची आणि सौंदर्याची उत्पादने स्त्रियांनाच विकत होत्या, तर स्वतःच्या भविष्याविषयी निर्णय घेताना पुरुष अधिक दिसत होते. म्हणून बाई किती वेळ दिसते यापेक्षा ती काय करते आणि शेवटी कोणाचे ऐकले जाते, हे पाहणे मला महत्त्वाचे वाटते.

मुलीचे वयही लक्षात घ्या. अमेरिकेत २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच वर्षांच्या मुली अतिशय हुशार व्यक्ती म्हणून मुलग्यांइतक्याच सहजतेने आपल्याच लिंगाची व्यक्ती निवडत होत्या. सहाव्या वर्षापासून हे प्रमाण घटले. त्यात माध्यमांचा परिणाम तपासलेला नव्हता, परंतु अशा समजुती किती लवकर रुजतात हे त्यातून कळते.

टीव्ही सर्वस्वी बंद करावा, असे मी सुचवणार नाही, कारण तीच चित्रे फलकांवर, मोबाइलवर आणि खेळण्यांच्या खोक्यांवरही आहेत. तिच्याजवळ बसून कार्यक्रम पाहा आणि अधूनमधून विचारा : "या घरातले बाबा कुठे आहेत? हे काम त्यांना येत नसेल का?" उत्तर तिलाच शोधू द्या. बालभारतीने २०१९मध्ये दुसरीच्या पाठ्यपुस्तकात आई-वडील दोघे मिळून भाजी निवडताना दाखवले होते. अशी चित्रे मुद्दाम तिच्यासमोर ठेवा. आणि बाबा भांडी घासतात त्याचे घरात कौतुक होत असेल, तर तेही थांबवा, कारण ज्या कामाचे कौतुक होते ते आपले नव्हे, असाच अर्थ मूल काढते.

प्रश्न : मोठ्या माणसांवरही असा परिणाम होतो का? मालिकांमुळे केवळ नुकसानच होते का?
– एक शिक्षिका, फोंडा

उत्तर : मोठ्यांवरही होतो, आणि तो त्यांच्या लक्षात येत नाही. २००२मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, गणितात चांगली गती असलेल्या विद्यार्थिनींना स्त्रियांचे ठरावीक साच्यातील चित्रण करणाऱ्या जाहिराती दाखवल्यावर त्यांनी चाचणीत गणिताचे प्रश्न टाळून भाषेचे प्रश्न अधिक सोडवले.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र आशादायक आहे. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या अर्थतज्ज्ञांनी बिहार, हरियाणा, तमिळनाडू, दिल्ली आणि तुमच्या गोव्यातील खेड्यांचा अभ्यास केला. २००१ ते २००३ या काळात ज्या गावांत केबल पोहोचली, तेथील स्त्रियांमध्ये नवऱ्याची मारहाण योग्य मानण्याचे आणि मुलगाच हवा म्हणण्याचे प्रमाण कमी झाले. शहरातील, नोकरी करणारी, स्वतःच्या मनाने वागणारी बाई त्यांना पडद्यावर दिसू लागली, हे त्यामागील एक कारण असावे. थोडक्यात, मालिकेत बाई कशी दाखवली जाते यावर सारे अवलंबून आहे, आणि निदान जाहिरातींबाबत तरी प्रेक्षक अगदीच हतबल नाहीत. भारतीय जाहिरात मानक परिषदेने जून २०२२मध्ये लिंगभावाच्या घातक साचेबंद चित्रणाविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. बाई घर झाडताना दाखवण्यास त्यांत मनाई नाही, पण ते काम कायम तिचेच आहे असे सुचवण्यास आहे. अशी जाहिरात आढळल्यास कोणताही ग्राहक या परिषदेकडे तक्रार करू शकतो, आणि वर्गातील मोठ्या मुलांकडून असे तक्रारपत्र लिहून घेण्याचा उपक्रम तुम्हाला सहज करता येईल.