गिटार नेब्युलातला एक्स-रेचा पट्टा पल्सारच्या मागे न जाता आडवा का? जेट आहे का? अ‍ॅस्ट्रोसॅटला दिसेल का?

जेट नाहीये, म्हणजे पल्सारने (गरगर फिरणाऱ्या, मेलेल्या ताऱ्याच्या गाभ्याने) स्वतः सोडलेली कणांची धार नाहीये. गिटार नेब्युला म्हणजे या पळत्या पल्सारमागे उठलेला गिटारच्या आकाराचा वायूचा ढग. जरा तावातावाने लिहितेय, कारण याच पट्ट्यावरून एमएस्सीच्या प्रोजेक्टला माझं वाजलं होतं.

नासाच्या चंद्रा या एक्स-रे दुर्बिणीचा जुना डेटा फुकट मिळतो, मी २००० आणि २००६ चा उतरवून बसले होते. आधी स्क्रीनवर नुसते विखुरलेले ठिपके, एकेक ठिपका म्हणजे एकेक फोटॉन, पट्टाबिट्टा काही नाही. ०.५ ते ८ केईव्ही (फोटॉनच्या एनर्जीचं एकक) एवढीच एनर्जी ठेवली, थोडं स्मूद केलं, तेव्हा कुठे पल्सारपासून आडवी निघालेली दोनेक आर्कमिनिटांची (आर्कमिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) रेघ वर आली. मग दोन्ही इमेज आजूबाजूच्या सोर्सवर जुळवून एकावर एक ठेवल्या तर पल्सार दोनेक पिक्सेल सरकलेला आणि रेघेची पुढची कडपण त्याच्यासोबत सरकलेली! हा पल्सार, बी२२२४+६५, सेकंदाला साधारण ७६५ किमीने पळतोय, पण वृषपर्वा तारकासमूहात, २७०० प्रकाशवर्षांवर, म्हणून आपल्याला सहा वर्षांत जेमतेम एक आर्कसेकंद (आर्कमिनिटाचा साठावा भाग) सरकलेला दिसतो.

व्हायवाला एक्स्टर्नल म्हणाले, हे काय? मी सांगितलं की पल्सारच्या पुढचा बो शॉक (पळताना समोरच्या गॅसमध्ये उठणारी, होडीपुढच्या लाटेसारखी धक्क्याची लाट) इतका जवळ आहे की सगळ्यात जास्त एनर्जीचे इलेक्ट्रॉन त्याच्या आत मावत नाहीत, ते निसटतात आणि बाहेरच्या चुंबकीय रेषा धरून धावतात, रेषा आडव्या म्हणून पट्टा आडवा. खगोलशास्त्रज्ञ बांदिएरांनी हे २००८ लाच मांडलंय. तर सर म्हणतात, "पल्सारला जेट असतात, जेट लिहा." गाईड शेजारी बसून मान डोलावतायत! अहो, समोरून गॅसचा एवढा मारा होत असताना जेट मागे वाकायला नको? हा तर पट्टी ठेवून आखल्यासारखा सरळ. पुढे जे२०३०+४४१५ या दुसऱ्या पल्सारला असाच पट्टा सापडला, सुमारे ७ प्रकाशवर्षं लांब. आता बोला.

भारताच्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहाचं विसरा, त्याच्या सॉफ्ट एक्स-रे टेलिस्कोपमध्ये ही रेघ एका ठिपक्यात विरघळून जाईल. आणि गिटारचा आकार एक्स-रेमध्ये शोधत बसू नका, तो हायड्रोजनच्या तांबड्या उजेडात दिसतो, कॉर्डस वगैरे खगोलशास्त्रज्ञांनी पालोमार वेधशाळेच्या ५ मीटरच्या दुर्बिणीवर पकडला होता.

हां, पल्सारला जेट असतातच, क्रॅब पल्सारचा बघा, मी ते नाकारत नाहीये. आणि इथे दुसऱ्या बाजूचा पट्टा अगदीच फिकट आहे, इलेक्ट्रॉन एकाच बाजूने जास्त का सुटतात यावर अजून वाद चालू आहे, तेवढं जेटवाल्यांना द्यावं लागतं.

प्रोजेक्टसाठी विचारत असाल तर २०२१ चा डेटापण घ्या, आता सरकणं आठेक पिक्सेलचं झालंय. ते पहिल्याच स्लाइडवर टाका, एक्स्टर्नलनी तोंड उघडायच्या आत. मी शेवटच्या स्लाइडवर ठेवलं होतं, तिथपर्यंत कोणी जाऊच दिलं नाही आणि रिपोर्टवर लाल पेनाने 'जेट' लिहून बी ग्रेड हातात दिली.