सी भाषेत क्लास आणायचेत? आधी एवढंच कर

नाशिकमध्ये बसून सी ही अख्खी प्रोग्रॅमिंग भाषा वाढवायला घेतलीस, मनापासून आनंद झाला. फक्त पहिल्याच आठवड्यात पूर्ण कंपायलर (कोड मशीनच्या भाषेत बदलणारा प्रोग्रॅम) लिहायला बसू नकोस. नव्या कोडचं साध्या सीमध्ये रूपांतर करणारा छोटा प्रोग्रॅम लिही. १९७९ मध्ये ब्यार्ने स्ट्रॉस्ट्रुप यांनी 'सी विथ क्लासेस'ची (पुढे हीच सी++ झाली) सुरुवात अशीच केली. व्हर्च्युअल फंक्शन्स (वारस क्लासला बदलता येणारी फंक्शन्स) नंतर आली.

क्लास म्हणजे शेवटी एक स्ट्रक्चर (एकत्र बांधलेली माहिती) आणि त्याचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) घेणारी फंक्शन्स. लासलगावच्या लिलावातल्या कांद्याच्या एका वाहनाचं स्ट्रक्चर कर: वजन, बोली, शेतकऱ्याचं नाव. बोली वाढवणारं फंक्शन हाताने सीमध्ये लिही. सिंटॅक्स, म्हणजे कोड लिहायची पद्धत, त्यानंतर ठरव. बहुतेक जण उलटं करतात. सिंटॅक्स देखणा होतो, पण त्यातून सीचा कोड काय निघणार हेच ठरलेलं नसतं.

जुना सी कोड जसाच्या तसा चालला पाहिजे. 'क्लास' हा कीवर्ड (भाषेने राखून ठेवलेला शब्द) आणलास, की त्या नावाचं व्हेरिएबल वापरणारा जुना प्रोग्रॅम मोडतो. म्हणून नवे कीवर्ड मोजकेच ठेव.

मल्टिपल इनहेरिटन्स (एका क्लासला अनेक पालक), टेम्प्लेट (वेगवेगळ्या डेटा प्रकारांना चालणारा साचा), गार्बेज कलेक्शन (नको झालेली मेमरी आपोआप मोकळी करणं) यांना सध्या हातही लावू नकोस. साधं इनहेरिटन्स (एका क्लासवरून दुसरा बनवणं) चाललं की कोड दाखव, मिळून बघू.