सागरी महामार्गाची वाट

प्रश्न : रेवस-रेडी सागरी महामार्ग नेमका कुठून जातो आणि तो मध्येच का तुटतो? – एक वाचक, गुहागर

उत्तर : अलिबाग तालुक्यातील रेवसपासून गोव्याच्या हद्दीलगतच्या रेडीपर्यंत किनाऱ्याने जाणाऱ्या या मार्गाची कल्पना, 1980 मध्ये मुख्यमंत्री झालेल्या बॅ. अ. र. अंतुले यांची मानली जाते. मुंबई-गोवा महामार्ग बराच आतून जात असल्याने बंदरांची गावे एकमेकांना जोडणे हा त्यामागचा हेतू होता. मुरूड, श्रीवर्धन, हर्णै, गुहागर, गणपतीपुळे, मालवण, वेंगुर्ले अशी ती माळ आहे.

मार्ग तुटतो तो खाड्यांमुळे. कुंडलिकेवर रेवदंडा-साळाव पूल झाला. परंतु सावित्री, वाशिष्ठी आणि शास्त्री या नद्यांच्या मुखाशी वाहनांना अनेक वर्षे जंगलजेटीवरच, म्हणजे वाहने पलीकडे नेणाऱ्या फेरीबोटीवरच, विसंबावे लागले आहे. दाभोळहून धोपाव्याला उतरताना लोखंडी फळी धक्क्यावर आदळते, आधी दुचाकी निसटतात आणि मागे एसटीची वाट पाहणारी माणसे चालू लागतात. हे दृश्य आपण गुहागरकरांना आम्ही काय सांगावे! इथे पूल नसल्याने जेटी टाळली, तर चिपळूणमार्गे पडणारा वळसा मात्र कित्येक तासांचा असतो.