हबेनारिया दिवाळीनंतर वाळलं, म्हणजे मेलं का?

तुम्ही विचारलंय की नर्सरीतून आणलेलं लाल फुलांचं हबेनारिया दिवाळीनंतर पिवळं पडून वाळलं, तर कुंडी टाकून द्यायची का, आणि साताऱ्याजवळच्या कास पठारावरून एखादा कंद आणून लावता येईल का.

कुंडी अजिबात टाकू नका. ही जमिनीत वाढणारी आमरी, म्हणजे ऑर्किड आहे. पावसाळ्यात पानं आणि फुलं येतात, मग सगळा जीव कंदात उतरतो. माती हलकेच मोकळी करून बघा. एक तपकिरी, सुरकुतलेला कंद दिसेल, तो सरलेल्या हंगामाचा. त्याच्याजवळ टणक, पांढुरका, बारीक लव असलेला नवा कंद असला, तर झाड जिवंत आहे.

माझं पहिलं रोप मी याच दिवसांत घालवलं. वाळलेलं बघवेना म्हणून जानेवारीभर पाणी घालत राहिले. महिन्याभराने मातीत बोट घातलं तर कंद लिबलिबीत झाला होता. तेव्हा आता कुंडी सावलीत, पाऊस लागणार नाही अशी ठेवा. कंद आक्रसू नये इतपत, क्वचित शिंपडलं तरी पुरे. कोंब दिसला की हळूहळू पाणी वाढवा, पण पानांच्या बेचक्यात साचू देऊ नका, तिथूनच कूज सुरू होते. माती बदलायची तर कोंब फुटण्याआधी: कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे), जाड वाळू आणि थोडं पानांचं खत, कंद दोनेक इंच खोल. ऊन गाळून आलेलं हवं. खत अगदी पातळ.

तुमच्याकडचं बहुधा हबेनारिया रोडोकायला असावं. ते दक्षिण चीन आणि आग्नेय आशियातलं.

कासवरून मात्र काहीही आणू नका. ते संरक्षित पठार आहे, २०१२पासून जागतिक वारशात आहे. शिवाय या आमरींचं बी धुळीसारखं असतं, त्यात अन्नाचा साठाच नसतो. मातीतल्या ठरावीक बुरशीने पोसलं तरच ते रुजतं. मोठ्या झाडांचं नातंही त्या बुरशीशी असतं. उपटलेला कंद तुमच्या कुंडीत एखादं वर्ष तग धरेल, बहुतेक वेळा पुढे नाही.

त्यापेक्षा जून-जुलैत पठारावर जा. आषाढ आमरीचं एकुलतं एक गोल पान जमिनीला चिकटून पसरलेलं असतं आणि त्यातून बोटभर देठावर पांढरं फूल उभं असतं. ऑगस्ट-सप्टेंबरात गेलात तर टूथब्रश ऑर्किड बघा, एकाच बाजूला ओळीने फुलं. तेही हबेनारियाच.