पोट बिघडून उलट्या चालू आहेत, पाण्याचा घोटही टिकत नाही, अशा वेळी उलटीची गोळी घ्यावी की सगळं आपोआप बाहेर पडू द्यावं?

हो, पाणीच टिकत नसेल तर डॉक्टरांना विचारून गोळी जरूर घ्या, उलट्या थांबवल्या की विष आत राहतं ही भीती मनातून काढून टाका. मी नर्स आहे, वॉर्डात हे रोज बघते. अशा वेळी बहुतेकदा ऑनडान्सेट्रॉन देतात, आतड्याला सूज आली की सेरोटोनिन नावाचं रसायन सुटतं आणि मेंदूला उलटीचा सिग्नल जातो, तो सिग्नल ही गोळी अडवते, जंतू मारत नाही, त्यामुळे जुलाब चालूच राहतात, कधी थोडे वाढतातही. जिभेवर विरघळणारी गोळी मिळाली तर तीच घ्या, पाण्यासोबत गिळायची गरज नाही. मग साधारण अर्धा तास थांबा आणि ओआरएस चमच्याने सुरू करा, एक चमचा, दोन-तीन मिनिटं थांबायचं, परत एक चमचा. इथेच सगळे चुकतात हो, जरा बरं वाटलं की तहानेने अख्खा ग्लास घटाघटा पितात आणि पुन्हा सगळं बाहेर.

पण हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असेल किंवा त्यासाठी औषधं चालू असतील तर ही गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका, लहान मुलांना डोस वजनावर ठरतो त्यामुळे मोठ्यांची गोळी अर्धी करून तर अजिबात देऊ नका. आणि यातलं काही दिसलं तर गोळीची वाट न बघता लगेच दवाखाना गाठा:
- उलटीत रक्त किंवा हिरवं पित्त
- पोटात सतत जोरात दुखणं
- सात-आठ तास लघवीच नाही
- पेशंट गुंगीत, नीट उत्तर देत नाही