कान देऊन: तुकडे कुणाचे, गाणं कुणाचं?

प्रश्न: मी पेटीच्या शिकवण्या घेते. माझा सोळा वर्षांचा मुलगा ‘डाफ्ट पंक’ या फ्रेंच जोडीचा ‘डिस्कव्हरी’ हा अल्बम दिवसभर लावून बसतो. त्यानंच सांगितलं की यातली बरीच गाणी दुसऱ्यांच्या जुन्या रेकॉर्डमधले तुकडे कापून केली आहेत. मला ही सरळ उचलेगिरी वाटते. याला संगीत म्हणायचं का? – एक वाचिका, मिरज

उत्तर: ताई, तुमचं पत्र वाचलं आणि डाव्या अंगठ्यावरच्या जुन्या व्रणाकडे लक्ष गेलं. तो ब्लेडचा आहे. पुण्यात एका छोट्या स्टुडिओत मी अकरा वर्षं नाटकांचं पार्श्वसंगीत जोडत होते. तेव्हा सगळं काम स्पूलच्या पाव इंची टेपवर. दोन्ही चकत्या हातानं मागेपुढे फिरवत हवी ती जागा शोधायची, तिथे पिवळ्या पेन्सिलीनं खूण करायची, टेप तिरकी कापायची आणि पांढऱ्या चिकटपट्टीनं जोडायची. खूण केसभर सरकली की तबल्याची थाप अर्धी कापली जायची आणि ऐकणाऱ्याला ठेच लागल्यासारखं व्हायचं. म्हणून सांगते, कापणं हे लयीचं काम आहे. बोटं पट्ट्यांवर नसली तरी कान तिथेच लागतो.

आता तुमच्या मुलाला ‘हार्डर, बेटर, फास्टर, स्ट्राँगर’ लावायला सांगा. त्यातला ठेका आणि की-बोर्डची ओळ एडविन बर्डसाँग या अमेरिकी संगीतकाराच्या १९७९ च्या ‘कोला बॉटल बेबी’मधून आली आहे. मुलगा म्हणतो ते खरंच. पण त्या ओळीवर जे बोल बसवलेत त्यांची मांडणी ऐका. यंत्रातून काढलेला आवाज आधी अर्धेच शब्द म्हणतो आणि प्रत्येकापुढे जागा मोकळी सोडतो. मग उरलेले अर्धे शब्द येतात, तेही तसेच सुटे. बराच वेळ आपण नुसत्या जागा ऐकत राहतो, आणि नंतर दोन्ही अर्धी एकमेकांत अशी बसतात की वाक्य पुरं होतं. भजनात एका टाळकऱ्यानं सोडलेली मात्रा दुसऱ्यानं भरावी तसं. हे बर्डसाँग यांच्या गाण्यात नाही. हे तोमा बांगाल्तर आणि गी-मानुएल द ओमेम-क्रिस्तो या डाफ्ट पंकच्या दोघांनी केलं. ‘होमवर्क’ हा त्यांचा पहिला अल्बम १९९७ चा, बराचसा घरातच ध्वनिमुद्रित केलेला आणि नाचाच्या ठेक्याला घट्ट धरून राहिलेला. मार्च २००१ मध्ये आलेल्या ‘डिस्कव्हरी’ या दुसऱ्या अल्बममध्ये मात्र त्यांनी लहानपणी ऐकलेलं डिस्को, रॉक, गोडमिट्ट सुरावटी असं सगळं मोकळेपणानं आत घेतलं. शाळकरी वयात एखादं गाणं चांगलं की वाईट हे न ठरवता आपण ऐकतो ना, तो कान त्यांना परत हवा होता. मला हा अल्बम आवडतो तो त्यामुळेच.

पण तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग मला टोचतो, आणि टोचायलाच हवा. अल्बमच्या वेष्टनावर चार गाण्यांमधल्या तुकड्यांची रीतसर नोंद आहे. त्यात ‘डिजिटल लव्ह’साठी अमेरिकी की-बोर्डवादक जॉर्ज ड्यूक आहेत, बर्डसाँगही आहेत. सगळ्यांत गाजलेल्या ‘वन मोअर टाइम’साठी मात्र तशी नोंद नाही. त्यातला तो पितळी वाद्यांचा झोत एडी जॉन्स नावाच्या गायकाच्या १९७९ च्या रेकॉर्डमधला आहे. २०२१ मध्ये ‘लॉस एंजेलिस टाइम्स’नं या जॉन्स यांना शोधून काढलं. दहा वर्षांहून जास्त काळ या माणसाला राहायला घर नव्हतं, आणि जगभरच्या लग्नांत, क्लबांत वाजलेल्या त्या गाण्याचा एक पैसाही त्यांच्या हाती पडला नव्हता. डाफ्ट पंक पैसे देत होते, पण ते जात होते हक्क विकत घेतलेल्या एका फ्रेंच कंपनीकडे.

माझे काका सनई वाजवायचे. त्यांनी एका दुपारी वाजवलेला तुकडा पुढे कितीतरी लग्नाच्या कॅसेटांवर निघाला, त्यांचं नाव कुठेच नव्हतं. कंपनीकडे विचारायला गेले तेव्हा त्यांना चहा दिला आणि परत पाठवलं. म्हणून जॉन्स यांची बातमी वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही. ताई, तुकडा घेणं मला पाप वाटत नाही. ज्याचा घेतला त्याचं नाव न घेणं आणि त्याच्या ताटात घास न पडणं, हे पाप आहे. मुलाला ‘वन मोअर टाइम’ जरूर ऐकू द्या, फक्त एडी जॉन्स हे नावही त्याला पाठ करायला लावा.

आणखी एक सांगते, तुम्हाला आवडेल. बांगाल्तर यांचे वडील दानिएल व्हांगार्द हेही डिस्को गाणी रचणारे. ‘ओटावान’ या जोडीसाठी त्यांनी केलेल्या एका फ्रेंच गाण्यावरच आपल्या ‘डिस्को डान्सर’मधलं ‘जिमी जिमी’ बेतलेलं आहे. त्या काळी तुम्ही-आम्ही गणपतीच्या मांडवात ज्यावर नाचलो, ती चाल याच घरातली! घेण्या-देण्याचा हा रस्ता दोन्ही बाजूंनी वाहता आहे.

प्रश्न: डाफ्ट पंकचे हे दोघं रोबोचे मुखवटे का घालायचे? – एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर: ९ सप्टेंबर १९९९ ला सकाळी ९ वाजून ९ मिनिटांनी स्टुडिओतल्या सॅम्पलरचा, म्हणजे आवाजाचे तुकडे साठवून वाजवणाऱ्या यंत्राचा, स्फोट झाला आणि आम्ही रोबो झालो, अशी गोष्ट ते स्वतःच सांगत. त्याआधीही फोटोत चेहरा दाखवायला ते टाळत होतेच. चेहरा बाजूला ठेवला की गाणं पुढे येतं, हा त्यांचा हट्ट. २०२१ मध्ये जोडी थांबली तोवर त्यांनी तो सोडला नाही.

प्रश्न: वय वर्षं अडुसष्ट. नातीनं हेडफोन भेट दिलेत. ‘डिस्कव्हरी’ या अल्बममधलं सुरुवातीला काय ऐकू? – एक आजोबा, डोंबिवली

उत्तर: आजोबा, पहिल्या गाण्यापासून सुरू करू नका, तिथला ठेका कानावर आदळेल. आधी जॉर्ज ड्यूक यांचं ‘आय लव्ह यू मोअर’ ऐका, नुसती सुरुवात. मग लगेच ‘डिजिटल लव्ह’. ओळखीची सुरावट दुसऱ्याच उजेडात दिसेल. पुढे ‘व्हेरिडिस क्वो’ घ्या. त्यात शब्द नाहीत, एकच सुरावट सावकाश फिरत राहते, रात्री दिवा मालवून ऐकायची. शेवटचं ‘टू लाँग’ पुरं दहा मिनिटांचं आहे. ते मात्र नातीबरोबर ऐका, हेडफोन काढून ठेवा आणि स्पीकर लावा.