मालवणच्या सागरी अभयारण्यात दुर्मीळ प्राणी दिसतात का? मच्छीमारांना निसर्गाचं काही पडलेलं नाही म्हणून ते विरोध करतात का?

डिसेंबरात येताय, तर किनाऱ्याजवळ हंपबॅक डॉल्फिन दिसण्याची बरीच शक्यता आहे. कासव पाण्यात दिसेलच असं नाही. प्रवाळ सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास आहेत. पण प्रश्नाचा दुसरा भाग मला झोंबला, म्हणून लिहितोय.

मी मालवणच्या दांडी किनाऱ्यावरच्या मच्छीमार घरातला. मी शाळेत असताना बाबांच्या जाळ्यात एक ऑलिव्ह रिडले कासव गुरफटलं. पुढचा पाय आणि मान, दोन्हीकडे फास. जाळं नवं होतं, हप्ते चालू होते. काका सोडवत बसले, तेवढ्यात बाबा ओरडले, "काप रे जाळा, बघतस काय!" कापलं. कासव हलेना. मेलं समजून काकांनी ते पाण्यात सोडायला उचललं, तर बाबांनी अडवलं. बुडून बेशुद्ध झालेलं कासव तसंच पाण्यात टाकलं तर खरंच मरतं. त्याला पोटावर ठेवून मागचा भाग उंच करायचा, म्हणजे फुप्फुसातलं पाणी निघतं. अंगावर ओलं गोणपाट, वर सावली. दुपारी त्याने मान उचलली आणि संध्याकाळी आम्ही त्याला सोडलं. हे बाबांना आजोबांनी शिकवलं होतं. आईने घरी विचारलं ते एवढंच, की जाळं शिवण्यासारखं उरलंय का.

माझा मेहुणा पर्यटकांच्या होड्या चालवतो. दर गणपतीत तो ऐकवतो, "तुमच्या जाळ्यांनीच कासवं मरतात." त्याच्या होडीचा नांगर कुठे पडतो ते मी पाहिलंय. प्रवाळ वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर वाढतात आणि नांगराच्या एका ओढीत तुटतात. वर पर्यटक त्यांच्यावर उभे राहून फोटो काढतात.

आता विरोधाचं. अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. त्यातला ३.१८ चौरस किलोमीटरचा गाभा किल्ला आणि पद्मगडाच्या आसपासचा, म्हणजे आमच्या होड्या सुटतात तिथलाच. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं, ओढणाऱ्याला भीती एकच : उद्या मासेमारी बंद झाली तर खायचं काय? आणि बाहेर पर्ससीनवाले (माशांच्या थव्याला मोठ्या जाळ्याने घेरणारे) आणि एलईडीवाले (दिव्यांनी मासे ओढून पकडणारे) समुद्र खरवडून नेतात ते त्याला रोज दिसतं. आधी त्यांना आवरा, मग आमच्याकडे या, असं माझं स्पष्ट मत आहे.

राज्याने २०१८च्या शेवटी एक चांगली गोष्ट केली. संरक्षित प्राणी सोडवताना जाळं कापावं लागलं तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते, फोटो किंवा व्हिडिओचा पुरावा द्यावा लागतो. अभयारण्य असंच चालवा, मच्छीमार तुमच्या बाजूने उभा राहील.

मेहुण्याचं सगळंच खोटं नाही, हेही सांगायला हवं. ट्रॉलच्या, म्हणजे बोटीमागे ओढत नेलेल्या, जाळ्यात कासवांना श्वास घ्यायला वर येता येत नाही आणि ती मरतात. त्यांना बाहेर पडायला वाट ठेवणारी टेड नावाची चौकट आपल्याकडे बसवत नव्हते, म्हणून २०१९मध्ये अमेरिकेने आपली समुद्रातली कोळंबी घेणं बंद केलं. समुद्रात सुटलेली फाटकी जाळीही आमचीच असतात.

तुम्ही आलात तर होडीवाल्याला पैसे देण्याआधी विचारा, नांगर कुठे टाकणार. वाळूवर टाकतो म्हणाला तरच बसा. प्रवाळाला हात लावू नका, डॉल्फिनच्या मागे होडी पळवायला सांगू नका.